आतली की बाहेरची

दादाने पुण्याहून जहाजाचा नकाशा पाठवला. मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारं जहाज, आई-बाबांना एक खोली आणि मला एक. नकाशात मजल्यावर मजले आणि प्रत्येक मजल्यावर खोल्यांच्या चौकटी. कडेच्या निळ्या, त्या बाल्कनीच्या. मधल्या दोन रांगा पांढऱ्या, त्यांना खिडकीच नाही. खाली दादाचा निरोप : ‘बाल्कनीच्या एका खोलीच्या पैशांत आतल्या दोन येतात. आई-बाबांना विचार, संध्याकाळपर्यंत सांग.’

मी त्या पांढऱ्या चौकटींवरच अडकून बसले. घराच्या मधोमध खिडकी नसलेली खोली मी पाहिली आहे, पण ती धान्याची. चहूकडे समुद्र असताना समुद्र न दिसणारी खोली माणूस स्वतःहून का मागेल? पण मागतात. दिवा मालवला की दिवस-रात्र कळत नाही, झोप गाढ लागते. शिवाय जहाज मध्यावर सगळ्यांत कमी डोलतं, खालच्या मजल्यावर त्याहून कमी, म्हणून ज्यांना बोट लागते त्यांना आतली खोली बरी. आणि ज्यांना बोट लागते त्यांनाच क्षितिजावर नजर ठेवली की बरं वाटतं, म्हणजे त्यांना बाहेरचीही बरी. मुंबईहून गोव्याला जाताना किनारा डाव्या हाताला राहतो आणि परतताना उजव्या हाताला, त्यामुळे एकाच बाल्कनीतून एका वेळी किनारा आणि दुसऱ्या वेळी नुसतं पाणी. काही परदेशी जहाजांवर आतल्या खोलीच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत पडदा लावतात आणि बाहेरच्या कॅमेऱ्यातला समुद्र त्यावर दाखवतात. ते मला आवडलं नाही. पडद्यावरच्या समुद्राला वारा नसतो.

चंद्रपूरचा मे महिना. बाबा कूलरच्या टाकीत बादलीने पाणी ओतत होते. मी विचारलं, ‘बाबा, जहाजात खिडकीची खोली घ्यायची की बिनखिडकीची?’

बाबांनी बादली खाली ठेवली. म्हणाले, ‘छत कशाचं हाय?’

बाबांनी ३० वर्षं खदानीत काढली. १९७३ मध्ये देशभरातल्या कोळशाच्या खाणी सरकारी झाल्या, त्याच्या दोन वर्षांनी ते लागले. कोळशाचेच चौकोनी खांब राखून मधून रस्ते काढायचे, अशी त्यांची अंडरग्राउंड खदान होती. त्या रस्त्यांच्या छताला लाकडी बल्ल्यांचा टेकू. पाळीवर गेलं की आधी सळईने छत ठोकून पाहायचं. खणखणीत वाजलं तर पक्कं, पोकळ वाजलं तर खाली उभंसुद्धा राहायचं नाही. पुढे लोखंडी टेकू आले, तरी जुन्या माणसांचा भरवसा लाकडावरच राहिला. लाकूड बोलतं, असं बाबा म्हणायचे. वरचा भार वाढला की बल्ली आधी करकरते, मग तिची साल फुटते, पळायला वेळ देते. लोखंड तसं सांगत नाही. अजूनही कुणाच्या नव्या घरी गेले की बाबा भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकतात आणि मगच खुर्चीत बसतात.

मला वाटलं होतं, इतकी वर्षं अंधारात काढलेला माणूस बाल्कनीच मागेल. मी तसं म्हटलंही. बाबा म्हणाले, ‘अंधार काय करते माणसाले? अंधारानं कोणी मेलं नाही आमच्या खदानीत.’

आई भाजी निवडत ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, ‘त्या बाल्कनीच्या दाराले कडी कुठून? अंदरून ना?’

सिंदेवाहीच्या बाजूला जंगलाला लागून आईचं माहेर. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, पुढे छपरी, मागे सांदवाडी. दाराशिवाय प्रकाश यायची जागा म्हणजे कवेलूंमधली एक काच, तिच्यातून दुपारी उजेडाचा एक चौकोन खाली पडून हळूहळू धान्याच्या ढोलीकडे सरकत जाई. मे महिन्यात पारा ४५च्या वर. त्या भिंती दिवसभर ऊन पिऊन रात्री आत सोडत. मग दिवे लागले की बाजा अंगणात निघायच्या.

आजीच्या डोक्यात त्या बाजांचा एक नकाशा होता. आम्ही पोरं मधोमध, दोघं-दोघं एका बाजेवर. आमच्या भोवती मावशी, मामी, आई. कुडाच्या बाजूला मोठा मामा, उशाशी कुऱ्हाड. फाटकाकडे धाकटा मामा. आजीची स्वतःची बाज दाराच्या उंबऱ्याला चिकटून, म्हणजे घरही तिच्या हाताशी आणि अंगणही. बाजांच्या मधून वाट ठेवलेली असे, रात्री कुणी उठलं तर पाण्याच्या रांजणापर्यंत जाता यावं म्हणून. एक कंदील बारीक करून खुंटीला. कुत्रं फाटकाशी. हा नकाशा रोज तोच. एखाद्या पोराने ‘मी कडेला झोपतो, तिथं वारा आहे’ म्हटलं की आजी काही बोलत नसे, फक्त त्याची चादर उचलून मधल्या बाजेवर टाकत असे.

वारा कडेलाच होता, हे मात्र खरं. मध्ये आमच्यापर्यंत येईतो तो सगळ्यांच्या अंगावरून गरम झालेला असे. पण आभाळ मध्ये झोपणाऱ्यालाही पूर्ण मिळायचं. मोहाची फुलं वेचून झालेली असत, तेंदूपत्त्याचे दिवस चालू. मावश्या पहाटे पाला तोडायला जायच्या आणि दुपारभर पुडे बांधत बसायच्या. त्यामुळे रात्री अंगणात हिरव्या पानांचा एक तुरट वास असे. त्या वासात मला अजून झोप येते.

एका सकाळी कुत्रं नव्हतं. रात्री कुणीच काही ऐकलं नव्हतं. मोठा मामा खाली वाकून बघत फाटकापासून आत आला आणि माझ्या बाजेजवळ थांबला. सडा घातलेल्या मातीवर पंजा उमटला होता. माझ्या आणि मावशीच्या बाजेमधल्या, रांजणाकडे जाणाऱ्या त्याच वाटेवर एकामागे एक तीन ठसे. बिबट. तो आमच्या मधून चालत गेला होता. मी बाजेवरून हात खाली सोडून पाहिला, बोटं मातीपासून वीतभर वर राहिली. मग आईने तो हात ओढून घेतला.

त्या रात्री आजीने सगळ्या बाजा आत घेतल्या. दाराला कडी, कडीला आडणा. दहा-बारा माणसं, खिडकी नाही, भिंती तापलेल्या. धाकट्या मावशीचं तान्हं रात्रभर रडलं, अंगावर घामोळं उठलं. दोन रात्री तशा काढल्या. तिसऱ्या संध्याकाळी आजी छपरीत उभी राहून बराच वेळ जंगलाकडे बघत होती. मग म्हणाली, ‘अंदर उकडते, बाहेर तो हाय. मंग मानसानं झोपावं कुठं?’ तिला कुणी उत्तर दिलं नाही. मामाने चार कोपऱ्यांत चार शेकोट्या रचल्या, आजीने बाजा पुन्हा बाहेर काढायला सांगितलं, आणि यावेळी त्या एकमेकींना इतक्या चिकटवल्या की मधली वाटच उरली नाही. रात्री तहान लागली तर उशाशी तांब्या.

आई त्या उन्हाळ्यानंतर अंगणात नीट झोपली नाही. चंद्रपुरात आमच्या कॉलनीत सगळे गच्चीवर जात, तेव्हाही ती आत, पंख्याखाली, आणि जिन्याचं दार ती दोनदा पाहून येई. हे मी भित्रेपणात कधी मोजलं नाही. आमच्या जिल्ह्यात ही भीती आजही रोजची आहे. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले, त्यांतले बरेचसे आमच्याकडचे, आणि सगळेच काही ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत राहत नाहीत. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूलकडची माणसं मोहाला जातात, सरपणाला जातात, आणि काही परत येत नाहीत.

त्याच जंगलाच्या काठाला आता पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. एका लग्नाच्या निमित्ताने मी अशा खोलीत राहिले. काचेचं भलं मोठं दार, पुढे बाल्कनी, समोर जंगल. जंगलाकडे तोंड असलेल्या खोलीचं भाडं जास्त. वाटेतल्या गावांतली घरं मी पाहत आले होते, जंगलाच्या बाजूला त्यांची पाठ, तिकडच्या भिंतीला एक झरोका असला तर असला. पाहणं मला फार आवडतं. त्या बाल्कनीत मी रात्री दोनपर्यंत बसले, टिटवी ओरडत होती, दूर कुठेतरी चितळाचा इशारा ऐकू आला आणि अंगावर काटा आला, आनंदाचाच. पण ज्याला पहाटे त्याच झाडांखाली वाकून फुलं वेचायची आहेत, त्याच्याकडे पाहण्यासाठी वेगळी रात्र उरत नाही. बाबांच्या छताचा टेकू जंगलाच्याच लाकडाचा होता, आणि आईच्या दाराची कडी जंगलासाठी. दोघांनीही आयुष्यात नजारा मागितला नाही. छत पक्कं असावं, दार आतून लागावं, एवढंच विचारलं. मला वाटतं, आधी हेच दोन प्रश्न विचारायचे असतात आणि त्यांचं उत्तर मिळालं की मग समुद्र बघायचा.

दादाला मी फोनवर सांगितलं, जहाजाचं छत लोखंडाचं, बाल्कनीला कडी आतून. तो म्हणाला, ‘मग कोणती घेऊ?’

माझा तोवरचा पाण्यावरचा प्रवास एकच. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला १९८२ मध्ये, त्यानंतर दोनेक वर्षांनी. बाबा मला घेऊन त्या जिल्ह्यातल्या भामरागडला गेले होते. तिथे पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला मिळतात. पलीकडे जायचं तर डोंगा, एका झाडाचं खोड कोरून केलेला. त्याला ना आत, ना बाहेर. काठ पाण्यापासून चार बोटं वर. मी काठ घट्ट धरून बसले होते आणि त्यामुळेच डोंगा कलत होता. वल्हवणारा म्हातारा माडिया होता, मराठी मोजकीच. त्याने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं, माझी बोटं एक-एक करून काठावरून सोडवली आणि माझे दोन्ही हात माझ्याच मांडीवर ठेवले. म्हणाला, ‘मधात बस. पाण्याकडे पाह्य.’

मग त्याने वल्हं पुन्हा पाण्यात घातलं. इंद्रावतीचं ते पाणी खाली सोमनूरला गोदावरीत जातं आणि आमच्या चंद्रपूरच्या इरई नदीचंही तिकडेच, वर्धा, प्राणहिता असं करत पूर्वेच्या समुद्राला. बाबा मागे बसले होते. डोंग्याच्या लाकडावर त्यांनी बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं, तो आवाज मला पाण्यावरून ऐकू आला.