तांबडी फिल्म

हिला सेल लागत नाहीत, वायर लागत नाही. पडदा नाही, टिकटिक नाही. नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडच्या पाड्यावर वीज दोन दिवस गेली तरी हिचं काम थांबायचं नाही. एलआर-115 हे हिचं नाव. सेल्युलोज नायट्रेटचा जेमतेम 12 मायक्रॉन जाडीचा तांबडा थर, त्याला मागून पॉलिएस्टरचा आधार. तीन सेंटिमीटर चौरस तुकडा डबीत बसवून घरात टांगायचा आणि तीन महिने विसरून जायचं.

तेवढ्या काळात जमिनीतून वर आलेला रेडॉन डबीत ये-जा करत राहतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि बंद घरात तो साठत जातो. वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. विडी ओढणाऱ्याला तर फारच. त्याचा अणू फुटला की सुटणारा अल्फा कण फिल्मवर आदळतो आणि व्रण ठेवून जातो. बीटा-गॅमाचं हिला काहीच वाटत नाही. स्वतःच्या अंगावर बसलेल्या रेडॉनच्या धुळीतून निघणारे जास्त वेगवान कणही ती मोजत नाही. हा तिचा काटेकोरपणा मला फार आवडतो.

तिची डबीही हुशार आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी घडवलेल्या या डबीला दोन खण आहेत आणि मधल्या चकतीला बारीक छिद्रं. रेडॉनचा भाऊबंद थोरॉन 56 सेकंदांत निम्मा होतो, त्यामुळे ती छिद्रं ओलांडेपर्यंत तो जवळपास संपलेला असतो. 3.8 दिवसांत निम्मा होणारा रेडॉन मात्र आरामात पलीकडे पोचतो. दोन खण, दोन हिशेब.

तीन महिन्यांनी फिल्म 60 अंशांच्या कॉस्टिक सोड्यात दीड तास बुडवली की व्रणाच्या जागी आरपार भोक पडतं. थर सोलून यंत्रात ठेवतात. भोकाभोकातून ठिणगी उडते, मागच्या ॲल्युमिनियमवर ठिपका जळतो आणि आकडा एकाने वाढतो.

नंदुरबारचा काळा पाषाण बेसाल्टचा. ग्रॅनाइटच्या मानाने त्यात युरेनियम कमी, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण रेडॉनचा प्रश्न खडकाइतकाच घराचाही असतो. कुडाच्या भिंतीतून वारा खेळतो. स्लॅबच्या घरात थंडीत खिडक्या लावल्या की हवा कोंडते. म्हणून एक डबी कुडाच्या घरात, एक शेजारच्या स्लॅबच्या घरात आणि एक शहाद्याजवळच्या उनपदेवला, गरम झऱ्याकाठच्या एखाद्या खोलीत टांगावी, असं मला मनापासून वाटतं. खोलातून येणारं पाणी रेडॉन सोबत आणू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरासाठी घनमीटरला 100 बेकेरेल ही पातळी सुचवली आहे. आकडे तिच्याशी ताडून पाहता येतील.

टांगताना एवढं सांभाळायचं: डबी भिंतीला चिकटवायची नाही. मातीच्या भिंतीतून थोरॉन निघतो आणि भिंतीलगतच तो सर्वांत जास्त असतो.