पाचशे घोडे गेले कुठे?

परवा जेवण झाल्यावर रूमपार्टनरने खुसपट काढलं. "तुझी ती बुगाटी रे! २००५ च्या व्हेरॉनला १००१ हॉर्सपॉवर, टॉप स्पीड ताशी ४०७ किमी. २०१६ च्या शिरॉनला १५०० हॉर्सपॉवर, आणि टॉप स्पीड फक्त ४२०. पाचशे घोडे वाढवून तेरा किलोमीटर? याला काय अर्थ आहे?"

मी व्हेरॉनचा जुना भक्त. शाळेत वहीच्या मागच्या पानावर तिचीच चित्रं काढायचो. त्यामुळे त्याचं म्हणणं पटावं असं मनापासून वाटत होतं. पण झोप येईना, म्हणून गणित मांडलं.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे लागणारी ताकद घनाने. ४०७ वरून ४२० ला जायला ढोबळमानाने १० टक्के जास्त ताकद पुरते, म्हणजे साधारण ११०० हॉर्सपॉवर. १५०० मध्ये गाडी ४६५ च्या आसपास जायला हवी. मग कंपनीने ४२० वरच लगाम का घातला?

उत्तर टायरमध्ये आहे. त्या वेगाला टायरच्या कडेवरचं एक ग्रॅम रबर जवळपास ४ किलो वजनाच्या जोराने बाहेर ओढलं जातं. इंजिन तयार आहे हो, रबर नाही! २०१९ साली अँडी वॉलेसने १६०० हॉर्सपॉवरची, खास बदल केलेली शिरॉन ४९० च्या वर नेली, तेव्हा टायर बसवण्याआधी त्यांचे एक्स-रे काढले होते.

आम्हीही मागे सर्व्हर दुप्पट केले होते. पेज तेवढंच हळू. अडलं होतं एका क्वेरीपाशी. असो.

मग घोडे गेले कुठे? तर वेग गाठण्यात. ० ते १०० ला दोघींना साधारण अडीच सेकंद, कारण तिथेही टायरची पकडच आडवी येते. पण ० ते ३०० ला व्हेरॉन १६.७ सेकंद घेते, शिरॉन १३.६ च्या आत! इंजिन एकाच घराण्यातलं, ८ लिटर, १६ सिलिंडर, ४ टर्बो. फक्त शिरॉनचे टर्बो मोठे, आणि मोठा टर्बो फिरायला वेळ लावतो. म्हणून आधी दोनच चालतात, उरलेले दोन ३८०० आरपीएमच्या सुमारास येऊन मिळतात. साधी युक्ती, पण काय डोकं लावलंय राव!

तेव्हा मान्य. शिरॉनच सरस. भक्ताला हे लिहिताना जरा जड जातंय.

पण १० रेडिएटर लावून ती उष्णता बाहेर काढायची, हजार घोडे चार चाकांवर झेपवायचे, हे कोडं आधी व्हेरॉनने सोडवलं. शिरॉनला उत्तर तयार मिळालं, म्हणून घोडे शहाणपणाने कुठे खर्चायचे याचा विचार करता आला.

सकाळी रूमपार्टनरला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं, चहा टाक."