न लिहिलेली वेगमर्यादा

सिंदेवाहीच्या रानांतील एखाद्या रस्त्यावर वेगाची पाटी नसते. म्हणून तेथें नियमच नाहीं, असें नव्हे. केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेनें ‘इतर रस्त्यां’वर मोटारीस ताशी 70 किलोमीटरांची मर्यादा घातली होती. 2004 सालीं सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या लोकनिर्मित संगणकी नकाशांत असा आंकडा भरतां येतो. मात्र तो पाटीवर वाचला कीं नियमावरून मानला, हें शेजारीं नोंदण्याचीही सोय आहे. त्या वाटेनें रात्रीं जातांना मला ही नोंद फार मोलाची वाटते. बांबूच्या बेटाआडून चितळ, क्वचित् वाघही, रस्त्यावर येतो, हें त्या सत्तरास ठाऊक नसतें. वाहन हांकणाऱ्यानें मर्यादेस शिफारस समजूं नये. आणि नकाशा करणाऱ्यानें मानलेल्या गोष्टीस पाहिलेली म्हणूं नये.