दोरीवरचं मटण

चैत्र-वैशाख आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून वाळवणाचे लेख येऊ लागतात. कुरडया, पापड, बिबडे, सांडगे, शेवया. अंगणातली बाज, तिच्यावर अंथरलेलं जुनं पातळ, कावळे हाकणारी पोरं, चिकाची वाटी. हे सगळं खरंच आहे आणि मलाही ते वाचायला आवडतं. पण या लेखांमध्ये एक दोरी कधीच दिसत नाही. मटण वाळवायची दोरी. आमच्या घरी ती होती, आणखी बऱ्याच घरी होती. तिच्याविषयी लिहावंसं वाटलं ते एका तुर्की पदार्थामुळे.

माझा भाचा सुरतेजवळ सचिनला एका कापड कारखान्यात यंत्रांची देखभाल बघतो. २०२४ साली यंत्रांच्या प्रदर्शनासाठी मालकांनी त्याला इस्तंबूलला नेलं. तिथून त्याने एका दुकानाचा फोटो पाठवला. छताला तांबड्या-काळपट जाड माळा टांगलेल्या. खाली लिहिलं होतं, ‘आत्या, आजीची दोरी बघ.’

त्या माळांचं नाव सुजुक. गाईचं किंवा मेंढीचं मांस चरबीसह बारीक करायचं, त्यात लसूण, जिरं, लाल तिखट, मिरी आणि मीठ मळायचं, स्वच्छ केलेल्या आतड्यात ठासून भरायचं आणि वाऱ्यावर टांगून ठेवायचं. काही आठवड्यांत आतलं पाणी उडतं, मांस किंचित आंबतं आणि घट्ट होतं. आपलं इडलीचं पीठ किंवा विरजण ज्या जातीच्या जिवाणूंमुळे आंबतं, त्याच जातीचे जिवाणू इथेही काम करतात. मीठ, आंबटपणा आणि कोरडेपणा यांच्यापुढे नासवणाऱ्या जंतूंचं फारसं चालत नाही. खाताना गोल चकत्या करून तव्यावर टाकतात. तेल लागत नाही, स्वतःच्या चरबीतच त्या परततात. त्यावर दोन अंडी फोडली की झाली न्याहारी. अफ्योनकाराहिसार हे शहर सुजुकसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या नावातलं ‘अफ्योन’ म्हणजे आपली अफूच. या शहराला २०१९ साली युनेस्कोने खाद्यसंस्कृतीच्या सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं. वाऱ्यावर वाळवलेल्या मांसाला तिथे असा मान आहे.

तुर्की जेवण म्हटलं की आपल्याला कबाब नाहीतर बकलावा आठवतो. मला मात्र त्यांचं वाळवण जास्त जवळचं वाटतं. कायसेरी गावचा पास्तिर्मा घ्या. मांसाचा अख्खा तुकडा मिठात मुरवून, दाबून, वाळवून त्याच्यावर मेथीदाण्याचं पीठ, लसूण आणि तिखट यांचा लेप देतात. मेथी, लसूण, तिखट! आपल्या मसाल्याच्या डब्याबाहेरचं त्यात काहीच नाही. गव्हाचं पीठ आणि दही भाज्यांबरोबर आंबवून, वाळवून, चुरून तारहाना करतात आणि हिवाळाभर त्याचं कढण पितात. आपल्या बाजरीच्या खारोड्यांची ती लांबची बहीण म्हणावी. गाझिआंतेपकडे वांगी पोखरून दोऱ्यात ओवतात आणि वाळवतात. मग भर हिवाळ्यात भरली वांगी. शाकाहारी वाचकांसाठीही एक सुजुक आहे. दोऱ्यात ओवलेले अक्रोड द्राक्षरसाच्या दाट खळीत पुन्हापुन्हा बुडवून वाळवतात. आकार सारखा, म्हणून नावही तेच.

उर्फा भागातली मिरची दिवसा उन्हात पसरतात आणि रात्री झाकून ठेवतात, म्हणजे ती घामेजते आणि काळसर, तेलकट होते. नंदुरबारच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरचीचा समुद्र आपण दरवर्षी पाहतो. ही मिरची मूळची अमेरिकेची. कोलंबसानंतरच्या काळात ती जहाजांतून तुर्कांकडेही पोहोचली आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडेही आली. गोव्यात त्याच मिरचीला व्हिनेगरची जोड मिळून डुकराच्या मांसाची चोरिस तयार झाली.

सुरतेला तर तुर्क नवा नाही. १५५४ साली सेयदी अली रेईस नावाच्या तुर्की आरमारप्रमुखाची गलबतं वादळात सापडून गुजरातच्या किनाऱ्याला लागली आणि तो सुरतेला आला. समुद्रमार्ग बंद झाला म्हणून तो जमिनीवरून मायदेशी निघाला आणि दिल्लीमार्गे १५५७ साली पोहोचला. त्याने या प्रवासावर पुस्तकही लिहिलं. ‘कीमा’, ‘चाकू’, ‘बावर्ची’ हे शब्द तुर्की कुळातल्या भाषांमधूनच फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले आहेत. खुद्द सचिन हे जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याचं संस्थान, १७९१ साली स्थापन झालेलं. त्या गावाला दूरदेशीची माणसं नवी नाहीत.

आमचे वडीलही तिथे परगावचेच होते. नव्वदच्या दशकात ते सचिनला कामाला होते. एका खोलीत आठ जण, दोन पाळ्या, एक स्टोव्ह. घरमालकाची अट होती, खोलीत मांस-मच्छी शिजवायची नाही. गावच्या जत्रेत बोकड पडला की आई वाट्याला आलेल्या मटणातलं थोडं बाजूला काढायची. लांब पट्ट्या कापून मीठ, हळद, तिखट चोळायची आणि अंगणातल्या दोरीवर टाकायची. वर जुनं मलमलचं फडकं. आमच्याकडचं कोरडं ऊन तीन-चार दिवसांत काम करायचं. सचिनच्या दमट हवेत ते जमलंच नसतं. मग ती पुरचुंडी सुरतेकडे जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पॅसेंजरने निघायची. उधन्याला गाडी बदलून सचिन. तिथे वडील ते वाळलेलं मटण ठेचून, कांद्यावर परतून भाकरीबरोबर खात. रविवारी, मालक गावाला गेला की, खिडकी लावून.

सुजुकला नाव आहे. आईच्या त्या पुरचुंडीला आमच्या घरात ‘सुकं’ याखेरीज नाव नव्हतं. मराठवाड्यात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांना चान्या म्हणतात. मात्र आपल्या नावाजलेल्या पाकपुस्तकांच्या पानांवर त्या मला भेटल्या नाहीत. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात २०१५ साली त्या खाण्याची नोंद केली. मांस वाळवण्यामागे सगळीकडे हौस नव्हती. कित्येक घरांत ती उपासमार टाळण्याची सोय होती आणि गावाने लादलेल्या कामातून वाट्याला आलेलं मेलेल्या जनावराचं मांस होतं. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितलं. ज्यांनी ते सोडलं त्यांनी स्वाभिमानासाठी सोडलं. त्यांना कुणी आता ‘परंपरा जपा’ असं सांगू नये. पण सोडून दिलेल्या गोष्टीचाही इतिहास असतो. आणि जे हौसेने, मायेने वाळवलं गेलं, तेही त्या लाजेखाली झाकून गेलं. तुर्काची दोरी दुकानात दिव्याखाली टांगलेली आणि आईची दोरी फडक्याखाली, हा फरक मला सलतो.

आई आता सत्तरी ओलांडून गेली आहे. फोटो दाखवला तेव्हा ती म्हणाली, “यांनी आतड्यात का भरलं? पट्ट्या केल्या असत्या तर लवकर वाळलं असतं.” मी वही काढली. तिची मापं अशी : शेरभर मटणाला एक ओंजळ मीठ, चरबी अजिबात नको कारण ती खवट होते, पट्टी बोटापेक्षा जाड नको, आणि पाऊस पडला की दोरी बंद. चरबीबद्दलचं तिचं मत तुर्कांच्या अगदी उलट आहे. तिथे थंडी असते, इथे बेचाळीस अंश, हे त्याचं कारण असावं.

सुजुकची चव घ्यायची असेल तर आपल्या हवेत कच्चं मांस टांगून ठेवण्याच्या भानगडीत पडू नका, पोटाला धोका आहे. भाच्याने सचिनच्या खोलीवर केलेली युक्ती करा. पाव किलो कीमा, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड, दोन चमचे तिखट, मिरपूड आणि मीठ मळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं. सकाळी लहान चपट्या वड्या करून तव्यावर खरपूस, आतपर्यंत शिजवायच्या आणि वर अंडी फोडायची. घरमालकाची परवानगी मात्र आधी घ्या. ती अट सचिनमध्ये अजूनही आहे.

आणि वाचकहो, तुमच्या घरी अशी दोरी असेल, तर आजीला, आईला मापं विचारून लिहून ठेवा. काय वाळवायचे, कधी, का, आणि कुणाला ते पाठवायचे. नावं असतील तर नावंही लिहा. आमच्या घरी नाव नव्हतं.