दारावरची कळ

विस्तव दिसतो, साप दिसतो. म्हणून लहान मुलेंसुद्धां त्यांपासून दूर राहतात. क्ष-किरणांस रंग नाहीं, वास नाहीं. आणि त्यांनीं भाजलेली कातडी कित्येकदां बऱ्याच दिवसांनीं लाल होते. तेव्हां त्यांच्याविषयीं सावध राहणें हें केवळ समजुतीचें काम आहे.

आमचा भाचा पुण्याजवळच्या एका कारखान्यांत तपासणीच्या कामावर आहे. पोलादी टाक्यांचे वेल्डिंग केलेले सांधे आंतून पोकळ राहिले आहेत कीं काय, हें पाहण्यासाठीं तेथें त्यांचें क्ष-किरणांनीं छायाचित्र घेतात. हाडांच्या डॉक्टरांकडे असतें त्याच यंत्राचा हा थोरला भाऊ. पोलाद भेदावयाचें म्हणून याचा जोर पुष्कळ अधिक. खोलीच्या भिंती जाड काँक्रीटच्या, दारास शिशाचा पत्रा, वर तांबडा दिवा, आणि चौकटींत एक लहानशी कळ. दार किंचित् उघडलें कीं ती कळ यंत्राची वीज तोडते, आणि वीज तुटतांच किरणही थांबतात. हा गुण मोठाच म्हणावयाचा. इरिडियमसारख्या द्रव्यानेंही अशी तपासणी करतात. पण त्याला बटण नाहीं. जड पेटींत परत घातलें तरी तें आंत किरण फेंकीतच असतें.

गेल्या पावसाळ्यांत कामाची घाई होती. दार उघडण्या-लावण्यांत वेळ जातो, तेव्हां ती कळ चिकटपट्टीनें दाबून ठेवावी, असें साहेबांनीं सुचविलें. भाच्यानें साफ नकार दिला. "मामा, मी आंत असतांना बाहेरून कोणीं बटण दाबलें, तर मला कळणारसुद्धां नाहीं," एवढेंच तो आम्हांस म्हणाला. त्याला कायमची रात्रपाळी मिळाली व पगारवाढ राहिली. घरांत धाकटीचें लग्न ठरत आलेलें. "चार दिवस गप्प बसला असतास तर काय बिघडलें असतें?" हा त्याच्या आईचा प्रश्न आम्हांस अगदींच अनाठायीं वाटला नाहीं, तरी आम्ही भाच्याच्या बाजूनें बोललों.

बहिणीला आम्हीं क्लॅरेन्स डॅलीची हकीकत सांगितली. रंटजेननें १८९५ सालीं हे किरण शोधले, आणि लवकरच अमेरिकेंत एडिसनच्या प्रयोगशाळेंतील हा काचकामाचा कारागीर नव्या नळ्या आपल्याच हातांवर पारखूं लागला. हात भाजले, पुढें दोन्ही कापावे लागले, आणि १९०४ सालीं, अवघ्या ३९ व्या वर्षीं, तो वारला. एडिसननें त्या किरणांचा नादच सोडला. डॅलीच्या दारावर कळ नव्हती, कारण ती हवी हेंच तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. साहेबांस तें ठाऊक होतें. आमचा राग आहे तो त्यावर.

अणुऊर्जा नियामक मंडळानें अशा कामगारांस वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्टची मर्यादा घातली आहे. त्यासाठीं भाचा छातीवर बिल्ला लावतो; तो ठराविक मुदतीनें तपासावयास जातो. पण बिल्ला हा हिशेबनीस. झालेला खर्च तो मागाहून सांगतो. परवां त्याच्या अहवालाची नक्कल घरीं आली. आंकडा शून्याच्या अगदीं जवळ होता. बहिणीनें तो कागद दोनदां वाचला, नीट घडी घातली, आणि रेशनकार्डाच्या पिशवींत ठेवून दिला.