रिकामं खोकं

रिकाम्या खोक्यालाही भाव असतो, हे मला पन्नाशीत कळलं. अजून आठवलं की डोकं तापतं.

आमची लॉजी २०१६ची. रेनॉने ही गाडी भारतात २०१५मध्ये आणली आणि २०२०मध्ये बीएस-६ येताच डिझेल इंजिनाबरोबर बंदही केली. मधल्या कॅप्टन सीटवर आई बसली की डोंबिवली ते चिपळूण कंबरेची तक्रार नाही, म्हणून विकली नाही. शिवाय हेच १४६१ सीसीचं इंजिन डस्टरला, निसानच्या टेरानोलाही होतं. त्यामुळे इंजिनाच्या सामानाची मला काळजी नव्हती. रडवतात ते टेललॅम्प न् काचा.

या इंजिनाचा टायमिंग बेल्ट रबरी. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावं लागतं. तिथे काटकसर नको म्हणून ठाण्याच्या एका एसी दुकानातून बेल्ट आणि टेन्शनरचं किट घेतलं. सीलबंद खोकं, होलोग्राम, जीएसटीचं बिल. महिनाभरात शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये इंजिनातून शिट्टी यायला लागली. टेन्शनरचं बेअरिंग सैल! ठाण्याचे शेठ म्हणाले, "फिटिंग चुकलं असेल." तासभर उभा राहिलो. त्यांनी चहा पाजला, पैसे नाही दिले. मला तो चहाच जास्त लागला.

मेकॅनिक म्हणाला, "काका, उल्हासनगरला दाखवू." उल्हासनगर! 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगरचा नकली माल, हा विनोद करत आमची अख्खी पिढी मोठी झाली. तिथल्या दुकानदाराने टेन्शनर फिरवून पाहिला. "साहेब, खोकं ओरिजिनल, माल डुप्लिकेट." पार्टवर बनवणाऱ्याचा छापच नव्हता, आणि खोक्यावर पॅकिंगचं साल २०१८. मी त्याच्याकडचं किट मागितलं, तर म्हणाला, "माझं पण ओरिजिनल नाही. कंपनीच्या काउंटरवरून मागवा, आठ दिवस थांबा."

"मग असली खोकी येतात कुठून?"

"गॅरेजमधून. भंगारवाला नेतो."

मी मेकॅनिककडे पाहिलं. तो चपलेकडे बघत होता. दर सर्व्हिसिंगला माझ्याच गाडीची खोकी तो कोपऱ्यात नीट रचून ठेवायचा. मला वाटायचं, काय टापटीप पोरगा!

आता खोकं मी गॅरेजमध्येच फाडतो, होलोग्रामसकट. तुम्हीही फाडा. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. मेकॅनिक मात्र तोच ठेवलाय, हात चांगला आहे त्याचा.

परवा टेललॅम्प आणला. कुर्ल्याहून, भंगारात निघालेल्या लॉजीचा. कंपनीचा छाप जागेवर, काचेवर एक ओरखडा. वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.