एका मॅचवरून वाण ठरवू नका



वेचण्या आटपत आल्या की आपल्या अमळनेर भागात पारावर एकच विषय. यंदा कोणाचं वाण चाललं? ज्याला एकरी दोन क्विंटल कापूस जास्त निघाला, त्याच्या बियाण्याचं नाव घेत पुढच्या हंगामाला सगळे दुकानात उभे. मला अशा वेळी १९८३ चा वर्ल्ड कप आठवतो.

२५ जून, लॉर्ड्स. आपण १८३ वर ऑल आऊट. समोर दोन वेळचा विजेता वेस्ट इंडीज. रिचर्ड्स धुवायला लागला होता. ३३ वर असताना त्यानं मदनलालला उंच मारला, कपिल मागे पळत गेला आणि कॅच घेतला. ते १४० वर आटोपले. आपण ४३ रनांनी जिंकलो. तो कॅच सुटला असता तर?

पुढे त्याच वर्षाच्या शेवटी वेस्ट इंडीज भारतात आली. पाचही वनडे त्यांनी जिंकल्या, कसोटी मालिका ३-० नं नेली. आपला कप खरा, त्यामागची मेहनतही खरी. पण एका दिवसात एखादा कॅच, एखादा रनआऊट निकाल फिरवतो. फुटबॉलमध्ये तर एका गोलवर मॅच जाते. सामने वाढले की नशिबाचा वाटा कमी होतो आणि ताकद दिसते.

कोरडवाहू कपाशीचा एक हंगाम म्हणजे एकच मॅच. पाते-फुलं लागताना एका शिवारात पाऊस पडतो, शेजारच्यात नाही. एकाची जमीन भारी काळी, दुसऱ्याची मुरमाड. मग दोन क्विंटल वाणानं दिले की पावसानं, हे कसं कळणार? म्हणूनच कृषी विद्यापीठात एकच वाण चिठ्ठ्या टाकल्यासारखं वेगवेगळ्या वाफ्यांत लावतात आणि दोन-तीन वर्षं बघतात.

आपल्यालाही जमतं भाऊ. नवीन वाण सगळ्या रानात लावू नका. एकाच दिवशी, शेतात तीन ठिकाणी, जुन्याच्या शेजारी चार-चार ओळी लावा. खत-फवारणी सारखीच ठेवा. प्रत्येक वेचणी वेगळी मोजून वहीत लिहा. तिन्ही ठिकाणी नवीन पुढे राहिलं आणि पुढच्या वर्षीही राहिलं, तर बिनधास्त वाढवा.

बियाण्याचे पैसे बहुतेकांचे उसनवारीचे असतात. ते एका मॅचवर लावू नका.

तुमच्या वहीतले आकडे कमेंटमध्ये टाका.